आईच्या नव्या डोळ्याने पारखलेला टीव्ही

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि घरात कुणाची खैर राहिली नाही. स्वयंपाकघराची भिंत पिवळी नसून पांढरी आहे, हा शोध तिने पहिल्याच आठवड्यात लावला. मग माझ्याकडे निरखून पाहत म्हणाली, "अगं, तुझे केस कधी पिकले?" डाव्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं. त्यामुळे ती तळहात कधी या डोळ्यावर, कधी त्या डोळ्यावर धरून जगाची तुलना करत हिंडत असे.

एका संध्याकाळी ती ओल्या फडक्याने टीव्ही पुसत होती. तिसऱ्यांदा.

"आई, स्वच्छ आहे तो."

"मग चेहरे असे मळके का? इतकी वर्षं मला वाटायचं, माझ्या डोळ्यांचाच दोष. हा तर टीव्हीच आंधळा!"

झालं. टीव्ही बदलायचा ठरला. आई म्हणाली, आता घ्यायचा तो चांगल्यातला चांगला, कारण डोळा चांगला मिळाला आहे. मी कॉलेजात शिकवते, वाचून-लिहून ठरवायची सवय. मी चार दिवस ओएलईडी म्हणजे काय, मिनी एलईडी म्हणजे काय हे वाचलं. आमच्या भिंतीपासून आईच्या खुर्चीपर्यंतचं अंतर टेपने मोजलं. पण शेवटचा शब्द मामाचा, असं मामाने स्वतःच जाहीर केलं. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, वीज मंडळातून निवृत्त झालेला. तारेला जोडलेली कुठलीही वस्तू आपल्याच अखत्यारीत येते, असं तो मानतो.

शनिवारी सकाळी आई मामाच्या मोपेडवर मागे बसून आणि मी माझ्या स्कूटरवरून, असे आम्ही जुन्या बसस्टँडजवळच्या दुकानात पोचलो. तिथल्या विक्रेत्या बाई चाळिशीच्या, हसऱ्या. त्यांनी दोन मोठ्या टीव्हींसमोर आम्हाला खुर्च्या दिल्या. एक भारीतला, एक त्याहून भारीतला. दोन्हींवर हिरवागार बेडूक बसला होता आणि त्याच्यावर मध ओघळावा तसं पाणी ओघळत होतं.

मामाने माहितीचं कार्ड उचललं, हात लांब करून बघितलं आणि माझ्याकडे दिलं. "तू वाच. मी ऐकतो."

मी वाचलं. त्याने गंभीरपणे मान हलवली. "फरक काहीच नाही. स्टॅबिलायझर लागेल का, एवढं विचार."

आमचं घर मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखातलं. आई बाईंना तमिळमध्ये म्हणाली, "घरी बेडूक कोण बघतं? माझी मालिका लावा. आणि दुकानाचा हा भडकपणा कमी करा."

बाई खूश झाल्या. "अम्मा, रोज शंभर माणसं येतात, हे कुणी विचारत नाही!" त्यांनी दोन्ही टीव्ही घरच्या उजेडाला शोभतील असे केले आणि आईची मालिका लावली. मालिकेत लग्न चाललं होतं. नवऱ्याची आई खांबाआड उभी राहून कटकारस्थान करत होती.

"थांबवा!" आई ओरडली. चित्र थांबलं. "हिची साडी बघा. या टीव्हीवर नुसती काळोखी. त्या टीव्हीवर गडद निळी, आणि काठ आंब्याच्या पानासारखा हिरवा. काठातली वेल दिसते!"

तिचं खरं होतं. अधिक भारीच्या टीव्हीवर सावलीतले रंगसुद्धा वेगवेगळे दिसत होते.

"अक्का, दोन्हीकडे साडी काळीच आहे," मामा म्हणाला. "काठ चॉकलेटी."

"काळी? लग्नात काळी साडी कोण नेसेल?"

"कटकारस्थान करणारी नेसेल!"

बाई खुदकन हसल्या. आईने सवयीने तळहात उचलला. यावेळी तो नव्या डोळ्यावर ठेवून ती डाव्या डोळ्याने बघू लागली. मग तशीच थबकली.

"काळी," ती हळूच म्हणाली. "काठ चॉकलेटी." हात काढला. "निळी." हात ठेवला. "काळी." आणि मामाकडे वळली. "अरे, माझा मोतीबिंदूचा डोळा जे बघतो, ते तू दोन्ही डोळ्यांनी बघतोस!"

"दुकानात उजेड कमी आहे."

"कार्ड का नाही वाचलंस?"

"कण्णाडी विसरलो." चष्म्याला आमच्याकडे कण्णाडीच म्हणतात, आणि ती त्याच्या नाकावर होती.

मी बोट दाखवलं मात्र, आईला हसू फुटलं. मग मला, मग बाईंना. तोंडाला पदर लावून आई हसत होती आणि मध्येच तिने पदर खाली केला. "म्हणजे याच डोळ्यांनी तू मला मोपेडवर बसवून आणलंस?"

"रस्ता पाठ आहे मला," मामा म्हणाला आणि स्वतःच हसत सुटला. डोळे पुसता पुसता त्याने कबूल केलं की वर्षभर त्याला धूसर दिसतंय. ऑपरेशनची भीती वाटते म्हणून बोलला नाही.

आईने त्याचा हात धरला. "मला पंधरा मिनिटं लागली. माझ्या दुसऱ्या डोळ्याच्या दिवशी तूही ये. दोघं जाऊ."

टीव्ही ठरला, अधिक भारीचा. मोपेड दुकानापाशीच ठेवली. मामाला ऑटोत बसवलं आणि आई माझ्या मागे बसून घरापर्यंत एकटीच खिदळत आली.

ठरल्याप्रमाणे दोघांची ऑपरेशनं एकाच सकाळी झाली. चार दिवसांनी मी कॉलेजातून आले, तर हॉलमध्ये दोघं काळे गॉगल लावून, हात मांडीवर ठेवून शेजारी शेजारी टीव्हीसमोर बसलेले.

"गॉगल लावून रंग काय कळणार?" मी विचारलं.

"एक मिनिट गॉगल काढतो, एक मिनिट लावतो," मामा म्हणाला. गॉगल कपाळावर सरकवून तो मालिकेतल्या नवऱ्याच्या आईकडे बघत किंचाळला, "अक्का! हिच्या गळ्यातलं सगळं गिल्टाचं! कडांना रंग उडालाय!"

"मग काय, त्यांनी तुझ्यासाठी खरं सोनं घडवायचं?"

डॉक्टरांनी डोकं जोरात हलवू नका म्हणून बजावलं होतं. म्हणून दोघांनी दोन्ही हातांनी आपापलं डोकं घट्ट धरलं आणि मान न हलवता, नुसते खांदे गदगदवत हसत राहिले. मी रागावून टीव्ही बंद केला आणि कॉफी करायला गेले. पडदा काळाभोर झाला, तरी हसणं काही थांबेना.