धंतोलीत पोचलेला पुरस्कार

आमच्या ऑफिसात पहाटे वर्दळ असायची. अमेरिकेत संध्याकाळी बेसबॉलचे सामने सुरू व्हायचे तेव्हा नागपुरात उजाडायच्या बेतात असे. तिकडच्या एका बेसबॉल चॅनलचं काम आमच्या कंपनीकडे होतं. चालू सामन्यातले क्षण कापायचे, त्यावर धावफलक चढवायचा आणि लगेच परत पाठवायचं. सक्करदऱ्याहून ऑफिसच्या गाडीत मी डुलक्या घेत जायचे. माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची तिला मी ताई म्हणायचे.

ताई माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, मूळची भिवापूरची. कॉलेजात असताना ती विद्यापीठाच्या संघातून सॉफ्टबॉल खेळली होती, पिचर म्हणजे चेंडू टाकणारी होती. आम्ही बाकीचे बेसबॉल कामापुरता शिकलो. ती मात्र सामना बघताना नकळत मनगट वळवायची.

सामन्यांखेरीज चॅनलच्या छोट्या फिल्मही कधी आमच्याकडे जोडायला येत. तशीच एक आली. दृष्टी गेलेला एक म्हातारा पिचर रोज नातवाला चेंडू टाकतो आणि तो नीट गेला की नाही हे आवाजावरून ओळखतो, एवढीच गोष्ट. तिकडून शेवटाला व्हायोलिन लावून आलं होतं. ताईने संगीत काढून टाकलं. चेंडू ग्लोव्हमध्ये बसल्याचा आवाज, म्हाताऱ्याचा श्वास, पुन्हा चेंडू, एवढंच ठेवलं. तिकडच्या निर्मातीला तिने हेडफोनवर आपल्या सरळसोट इंग्रजीत सांगितलं, की हा माणूस कान देऊन जगतो, त्याच्या कानावर आपण व्हायोलिन कशाला घालायचं? निर्माती हो म्हणाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ताईच्या हातापायांवर निळे डाग दिसू लागले. कुठे लागलं आठवत नाही, म्हणायची. हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा मीच तिला ओढत धंतोलीतल्या हॉस्पिटलात तपासायला नेलं. रक्ताचा कॅन्सर निघाला. भिवापूरहून तिची आई आली ती हॉस्पिटलातच राहिली. वडील आधीच गेले होते. धाकटा भाऊ शेती आणि हॉस्पिटल अशा चकरा मारायचा. मी शिफ्ट संपली की डबा घेऊन जायचे. केमोने ताईचे केस गेले, तोंड आलं, वरणाचं पाणीही गिळवेना. तरी सामन्यांचं विचारायची. काल कोण जिंकलं, कोणाचा खांदा दुखावला.

तिची दुसरी केमो चालू असताना बातमी आली. तिकडच्या टीव्हीवाल्यांच्या मोठ्या पुरस्कारांत त्या फिल्मला संपादनाचं बक्षीस मिळालं होतं. आमच्या साहेबांनी केक मागवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. समारंभाची चित्रफीत आम्ही मोठ्या पडद्यावर बघितली. निर्माती स्टेजवर गेली. संपादनाच्या बक्षिसासाठी चॅनलच्या दोन माणसांची नावं पुकारली गेली. मी साहेबांकडे बघितलं, त्यांनी केककडे. नंतर त्यांनी मला समजावलं, की बाहेरून काम करून देणाऱ्या कंपनीची माणसं नियमात बसत नाहीत. विचारून पाहिलं होतं. निर्मातीने भांडूनही पाहिलं होतं म्हणे.

साहेबांनी मग स्वतःच एक प्रमाणपत्र छापून घेतलं, सोनेरी काठाचं, ‘नागपूर टीमचे अभिनंदन’ असं. ते ताईला नेऊन द्यायचं काम माझ्याकडे आलं.

भेटीच्या वेळेत मी गेले. ताईने कागद हातात धरला, वाचला, पालथा करून मागची बाजू बघितली.

“खऱ्या बक्षिसात माझं नाव आहे का वं?”

मी नाही म्हटलं.

“कोणाचं आहे?”

मी दोन्ही नावं सांगितली. त्यातल्या एकाला ती ओळखत होती. चांगला मुलगा आहे, म्हणाली. मग मोबाइलवर फिल्म लावायला सांगितली. शेवट आला तेव्हा तिने डोळे मिटून घेतले आणि संपल्यावरही बराच वेळ उघडले नाहीत. मला वाटलं झोप लागली. पण तिच्या कानाकडे पाणी ओघळत होतं. तिच्या आईने ते पदराने टिपलं आणि मला खुणेनेच जायला सांगितलं.

त्यानंतर फुप्फुसात जंतुसंसर्ग झाला आणि ताई गेली. शेवटी मी तिथे नव्हते, शिफ्टवर होते.

तेराव्याला मी भिवापूरला गेले. बसस्टँडसमोर मोठा फ्लेक्स लागला होता. ताईचा कॉलेजातला फोटो, बाजूला चेंडू आणि खाली ‘अमेरिकेच्या पुरस्काराची मानकरी’. कंपनीनेही आपल्या फेसबुकच्या पानावर तिला तसंच म्हटलं होतं, भावाने ते तिथूनच घेतलं होतं. जिवंतपणी तिला नियमात बसवता आलं नाही, पण गेल्यावर कोणालाच अडचण राहिली नाही. मी त्या फ्लेक्सखालून मान खाली घालून गेले.

जेवणं आटोपल्यावर तिच्या आईने मला मागच्या खोलीत बोलावलं. दार लोटून घेतलं.

“माय, खरं सांग. ते बक्षीस तिलेच भेटलं ना?”

“काम तिचंच होतं, काकू. सगळं तिचंच.”

“कामाचं नाही इचारत मी. बक्षिसाचं इचारून राहिली.”

हो म्हणायला काही लागलं नसतं. तोंडाशी आलंही होतं. पण ताईच्या खाटेशी हीच बाई उभी होती. मी तिच्यासमोरच नाही म्हटलं होतं आणि तिने ते ऐकलं होतं. मी पुन्हा नाही म्हटलं.

ती खाली बसली. रडली नाही.

“मंग काढाले लावते तो फ्लेक्स. माह्या पोरीले उसनं नाव काहून पाहिजे?”

भावाला तिने बाहेर येऊन पाहुण्यांसमोरच सांगितलं. तो आधी तिच्याशी वाद घालत राहिला, मग माझ्याकडे वळला. गावात मान मिळत होता तर तुमच्या पोटात काहून दुखलं, असं त्याने विचारलं. मी निघाले तेव्हा तो शिडीवर चढून दोऱ्या कापत होता. फ्लेक्सचं एक टोक सुटून ताईच्या चेहऱ्यावर दुमडलं होतं आणि खाली पानठेल्यावरची माणसं मान वर करून बघत उभी होती.

पुढच्या हंगामाआधी चॅनलने आमचं काम बंद केलं. सामन्याचे तुकडे आता तिकडे यंत्रच कापतं. मी लग्नाचे व्हिडिओ जोडते. तिच्या आईला मधूनमधून फोन करते. ती बोलते, जेवली का विचारते. भाऊ घरात असला तर आवाज खाली करते.