सासूबाईंपुरती ठळक प्रत

सासूबाईंनी उभा जन्म दुसऱ्यांच्या चुका काढण्यात घालवला, आणि वर त्याचा पगारही घेतला. प्रुफं तपासणं हा त्यांचा धंदा. पण अलीकडे डोळ्यांनी दगा दिला. बारीक अक्षरं मुंग्यांसारखी पळायची; जाड, ठळक अक्षर तेवढं जागेवर थांबायचं. हे फक्त सुनेला ठाऊक होतं. प्रकाशकाला कळतं तर त्याने गोड बोलून त्यांना घरी बसवलं असतं, आणि घरी बसायचं म्हणजे जिवंतपणी भिंतीवरचा फोटो व्हायचं.

सासूबाई तपासायच्या त्याच पुस्तकांची पानं सून संगणकावर लावायची. हे काम शिकायला तिला सासूबाईंनीच हट्टाने पाठवलं होतं. सून ते उपकार बोलून दाखवत नसे, पण विसरतही नसे. तिने युक्ती काढली: सासूबाईंपुरती एक प्रत सगळी ठळक अक्षरात छापायची, आणि त्यांच्या खुणा मग साध्या प्रतीवर उतरवायच्या.

युक्ती झकास, पण फॉन्ट हट्टाला पेटला. तिने ठळक फॉन्ट आणला, बसवला, पान छापलं. अक्षरं तशीच मरतुकडी. पुन्हा बसवला, पुन्हा तेच. मग साध्याच अक्षरांना बळेबळे जाड केलं, तर घ आणि ध यांची पोटं भरून दोघांचे सारखेच काळे डाग झाले. सासूबाईंनी पान नाकाला लावून पाहिलं आणि खाली ठेवलं.

"राहू दे गं. प्रकाशकांना सांगून टाकते उद्या."

"काही सांगायचं नाही, आई!" सून फटकन म्हणाली.

"बरं बाई. तुझं ते यंत्र स्वतः काही सांगतं का, कुठे अडलंय ते?"

"दरवेळी हातभर अहवाल लिहितं. कोण वाचत बसतंय!"

"मग वाच की. मोठ्याने."

छापखान्यात असंच चालायचं. एकाने मूळ मजकूर स्वल्पविरामासकट मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने प्रुफावर बोट फिरवायचं. सून त्याच सुरात अहवाल वाचू लागली. वाचता वाचता जांभया यायला लागल्या, तेवढ्यात एक ओळ आली: फॉन्टची जुनी यादी वापरली, ठळक सापडला नाही, साधा घेतला.

"थांब. जुनी यादी?" सासूबाई म्हणाल्या. "अगं, नवी मुलगी वर्गात येऊन बसलीये, पण हजेरीत नावच नाही. बाई हाक कशी मारणार तिला?"

सुनेने कपाळावर हात मारला. फॉन्ट बसवल्यावर यंत्राला यादी नव्याने करायला सांगायची असते, तेच राहून गेलं होतं. तिने यादी करून घेतली आणि पान छापलं. अक्षरं कशी ठसठशीत उमटली!

सासूबाईंनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. बोट सरकू लागलं, ओठ हलू लागले. अर्ध्या पानावर बोट थबकलं.

"ही ओळ दोनदा घेतलीस. लक्ष कुठे असतं गं तुझं?"

ओळ खरोखरच दोनदा आली होती. स्वतःच्या चुकीचा एवढा आनंद सुनेला कधी झाला नव्हता. तिने मनोमन हात जोडले, आणि डोळे भरून आले ते लपवायचं राहूनच गेलं.

"रडतेस काय?" सासूबाई म्हणाल्या. "पुढचं पान काढ."