चवीचा शब्द

“भोकं मोठी आहेत,” साहेब म्हणाले आणि कॉफीच्या फिल्टरचा वरचा डबा पुन्हा ट्यूबलाइटसमोर धरला. एक डोळा मिटलेला, मान तिरकी. अंड्यात पिल्लू धरलंय का ते पाहतात तसे.

मी भांडी विकतो. सिल्वासात किलवणी नाक्याच्या अलीकडे माझं दुकान आहे. भांड्याला पोचा असेल, कान ढिला असेल, तर गिऱ्हाईक भाव पाडतं हे मला ठाऊक होतं. भोकांवरून भाव पाडणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

“साहेब, भोकं फुकट दिली आहेत,” मी म्हणालो. “पैसे पत्र्याचे घेतो.”

ते हसले नाहीत. “भोकं मोठी असली की पाणी सरळ खाली पळतं. कॉफी पातळ उतरते, आंबट लागते. मला पत्रा नको शेठ, भोकंच हवी आहेत.”

मी माळ्यावरचे सगळे फिल्टर खाली काढले. त्यांनी एकेक उजेडाला धरला. मी ओरडलो, तेही ओरडले. शेवटी एक पसंत पडला, आणि तो त्यांनी माझ्याकडून इतका स्वस्तात नेला की रात्री जेवताना माझं लक्ष नव्हतं.

असं कोणी मला हरवलं की मी त्याला विसरत नाही. नंदुरबारकडून आलो तेव्हा खडोलीच्या कारखान्यात धाग्याच्या मशिनीवर उभा राहिलो. मग खानवेलच्या बाजारात गोणपाट टाकून स्टीलचे पेले विकले. या दुकानातली एकेक फळी भांडून मिळवलेली आहे. मला कोणी काही सोडलं नाही, म्हणून मीही सोडत नाही.

साहेब आमच्या मागच्या सोसायटीत राहायचे. मूळचे सावंतवाडीकडचे, इथल्या सरकारी कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेले. मुलगी लग्न होऊन कोल्हापूरला. घरात ते आणि वहिनी. तरुणपणी शेजारच्या खोलीत एक तमिळ सहकारी राहायचा, त्याने त्यांना कॉफीचा नाद लावला. तो बदली होऊन गेला, नाद राहिला. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, एकाच गोष्टीत जीव अडकलेला. बाकी बाबतीत माणूस साधा असतो.

एका रविवारी त्यांनी मला घरी बोलावलं. ओट्यावर पेले मांडलेले.

“पावडर तीच, पाणी तेच,” ते म्हणाले. “फक्त करायची रीत वेगळी. प्या.”

पहिली पातेल्यात खळखळ उकळलेली. ती घशाला चरचरली. दुसरी फडक्यातून गाळलेली. ती साफ, हलकी होती, जवळजवळ चहासारखी. “पावडरचं तेल फडक्याने पिऊन टाकलं,” साहेब म्हणाले. तिसरी काचेच्या भांड्यात भिजवून वरून जाळी दाबलेली. ती जड होती आणि शेवटी जिभेवर गाळ आला. चौथी फिल्टरची. तिला ते आधी हातच लावू देईनात. “थांबा. अजून उतरतेय.” मी कंटाळून चमच्याने फिल्टर ठोकला तर त्यांनी माझा हातच धरला. “ठोकू नका. पावडर दबली की पाणी अडतं. मग कडूच येणार.”

ती उतरली, त्यांनी दूध घातलं, मी प्यालो.

“कशी?”

“सगळ्या कडू आहेत,” मी म्हणालो.

“पहिलीला तुमच्या भुवया जवळ आल्या. चौथीला नाही आल्या.” ते खुर्चीत टेकून बसले. “तुमच्या बोलण्यावर मी जात नाही शेठ. तोंडाकडे बघतो. तो फिल्टर मला उगाच नाही स्वस्तात मिळाला.”

आत वहिनी हसल्या. मला राग यायला हवा होता.

मग ते संध्याकाळी थर्मास घेऊन दुकानात येऊ लागले. दोघं काउंटरमागे बसून प्यायचो. गिऱ्हाईक आलं की मी भांडायचो, ते ऐकायचे. गिऱ्हाईक गेलं की म्हणायचे, “यात तुम्ही बराच नफा मारलात.” बहुतेक वेळा बरोबर असायचं.

कॉफीच्या काउंटरची कल्पना माझी. दुकानाच्या पायरीशेजारी जागा रिकामी होती. इथे चहाच्या टपऱ्या पावलोपावली, पण नीट फिल्टर कॉफी कुठे नाही. कारखान्यांतले ऑफिसर, शाळांतले मास्तर, बँकवाले, सगळे पितील असा माझा हिशेब होता. साहेबांनी भागीदारी नको म्हटलं. एकच अट घातली.

“चवीचा शब्द माझा. मी हो म्हटल्याशिवाय पेला बाहेर जायचा नाही.”

“दिला,” मी म्हणालो. शब्द देताना मी घासाघीस केली नाही, असं ते एकदाच.

त्या पावसाळ्यात त्यांना ताप आला, बरेच दिवस राहिला. बरे झाल्यावर ते पुन्हा थर्मास घेऊन येऊ लागले. जरा गप्प असायचे. आता पहिला पेला मला द्यायचे आणि मी घोट घेईपर्यंत स्वतः प्यायचे नाहीत. मला वाटलं, माणूस आजारातून उठला की मवाळ होतो.

उद्घाटनाच्या सकाळी मी आजूबाजूच्या दुकानदारांना, सोसायटीतल्या लोकांना बोलावलं होतं. बँकेचे मॅनेजरही आले होते. फिल्टर रांगेत भरून ठेवलेले, दूध तापलेलं. आणि ऐन वेळी दूधवाल्याचा फोन आला की ठरलेल्या भावात उद्यापासून जमणार नाही. मी फोनवर त्याला झाडत असतानाच साहेबांनी माझ्या हातात पेला दिला.

मी घोट घेतला. फोन कानाला होता, डोक्यात दूधवाला होता. साहेब समोर उभे राहून बघत होते.

“कडू झालीय,” ते म्हणाले.

मी फोन बाजूला केला. “ठीक आहे की, साहेब.”

“नाही. टाकून द्या.”

सगळ्यांसमोर त्यांनी फिल्टरांत उतरलेलं सगळं डिकॉक्शन मोरीत ओतलं. लोक एकमेकांकडे बघू लागले. साहेबांनी नवीन पावडर घातली, पाणी ओतलं. “थांबा. अजून उतरतेय,” ते सगळ्यांना सांगत होते. मॅनेजर घड्याळ बघत होते. दुसरा पेला माझ्या हातात आला तेव्हा मी कसा दिसत असेन ते मला कुणी सांगायला नको. घोट घेतला. मला विचाराल तर चांगली होती.

“हीही कडू,” साहेब म्हणाले. आवाज बारीक झाला होता. त्यांनी तीही ओतली.

“तुम्ही स्वतः प्या ना एकदा,” मी ओरडलो.

ते प्याले नाहीत. पेला हातात धरून उभे राहिले. लोक एकेक करून समोरच्या टपरीवर गेले आणि तिथे चहा पीत आमच्याकडे बघत उभे राहिले. मी साहेबांना म्हणालो, “घरी जा.” त्यांनी थर्मास उचलला आणि गेले.

काउंटर मी दुसऱ्या दिवशी उघडला नाही. नंतरही नाही. तिथे आता टिफिनचे डबे लावले आहेत.

आमचं बोलणं बंद झालं. ते भाजीला जाताना दुकानावरून जायचे. एकदा पायरीशी थांबले होते. मी कुकरची शिट्टी बसवत होतो, ती बसवत राहिलो. मान वर केली तेव्हा पायरी मोकळी होती. थंडी सरताना ते गेले, झोपेतच. मी त्यांच्या घरी जाऊन बसून आलो. काही वाटलं नाही. इतरांसारखाच हात जोडून बाहेर पडलो.

परवा वहिनी कुकरच्या रिंगेसाठी आल्या. घर आवरून मुलीकडे निघाल्या आहेत. मी रिंग शोधत होतो, त्या बोलत होत्या.

“त्या तापानंतर त्यांना कसलीच चव येत नव्हती हो. वासही नाही. कॉफी करायचे, आधी मला द्यायचे आणि समोर बसून माझं तोंड बघायचे. माझ्या तोंडावरून पाणी वाढवायचे, पावडर कमी करायचे. तुमच्या काउंटरच्या दिवशी नेमकी मी कोल्हापूरला होते.” त्यांनी पर्स उघडली. “तुम्हाला सांगितलंच असेल त्यांनी.”

“हो,” मी म्हणालो.

“मी म्हटलं होतं, सांगून टाका. तर म्हणाले, शेठने शब्द दिलाय, आता जीभच नाही असं कसं सांगू. येईल परत.” त्यांनी रिंग हातात घेऊन ताणून पाहिली. “नाही आली.”

मी रिंगेचे पैसे घेतले. नको म्हटलं असतं तर त्यांना आवडलं नसतं. पायरी उतरून त्या रिक्षात बसेपर्यंत मी बघत होतो.

माझी तक्रार अजून आहे. माझ्या तोंडावर दूधवाला होता, साहेब. एका शब्दाने विचारायचं होतंत.

तेवढ्यात खानवेलहून आलेली एक बाई काउंटरशी आली. पिठाचा डबा हवा होता. मी भाव सांगितला. तिने निम्म्यावर मागितला, नेहमी मागतात तसा, म्हणजे मी ओरडेन, ती थोडी चढेल, मी थोडा उतरेन.

“घेऊन जा,” मी म्हणालो.

ती पैसे काढता काढता थांबली. डब्याचं झाकण उघडलं, आत हात फिरवला, बूड उलटं करून ठोकून पाहिलं. मग माझ्याकडे बघत राहिली.

“फुटका आहे का?” तिने विचारलं.