टबीथामावशीचं कार्ड

दुपारचं जेवण उरकलंय, भांडी मोरीत तशीच पडलीत, आणि सगुणाबाई अमोलिक अर्धी शिवलेली गोधडी पुढ्यात ओढून बसलीय. गोधड्या शिवून देणं हाच तिचा धंदा. पण आज चार टाके घालते न घालते तोच सुई हातात राहते आणि मान खाली येते. येईल नाही तर काय! दोन दिवस डोळ्याला डोळा नाही.

परवा टबीथामावशीला माती दिली. काल मावशीची सून दारात आली, "सलाम" म्हणाली आणि मावशीचं जुनं शास्त्र, तिचं रोजचं बायबल, हातात ठेवून गेली. "तुमच्या नावानं ठेवलं होतं हो त्यांनी." सगुणाबाईनं ते छातीशी धरलं, रडली, मग उघडलं. शेवटच्या पानांत एक कार्ड. आधार कार्ड! टबीथा पातोळे, फोटोत डोक्यावरून पदर. बाजूला बारीक अक्षरात तारीख, बारा वर्षांमागची, त्याच पावसाळ्याची.

तो पावसाळा सगुणाबाई विसरेल होय? टबीथामावशी म्हणजे मंडळीची संदेष्ट्री. दर बुधवारी पत्र्याच्या प्रार्थनाघरात बहिणींची सभा भरायची आणि सभेच्या शेवटी मावशीला प्रभूचा शब्द यायचा. गावात जे नवं येई, त्यावर मावशीचा शब्द ठरलेला. टीव्ही आला, मावशी म्हणाली, सैतानाचा डोळा. मोबाइलचा टॉवर आला, म्हणाली, बाबेलचा बुरूज. दोन-तीन वर्षांनी तीच वस्तू मावशीच्या घरात दिसे, आणि टारगट लोक म्हणत, "मावशी आधी शापते, मग वापरते." सगुणाबाई असल्यांशी कचाकचा भांडायची. मग गावात आधारसाठी अंगठे घ्यायचं मशीन आलं, आणि मावशी भर सभेत उभी राहिली. हीच ती शास्त्रात सांगितलेली श्वापदाची खूण, म्हणाली. शेवटच्या काळात हिच्यावाचून कुणाला काही विकता येणार नाही की विकत घेता येणार नाही. जिनं अंगठा दिला, ती गेली!

त्याच महिन्यात सगुणाबाईच्या लेकीचा, सुवार्ताचा, नर्सिंगला नंबर लागला. फॉर्मवर कार्डाचा नंबर मागितला होता. सगुणाबाईनं पोरीला अंगठा देऊ दिला नाही. पोरगी पाया पडली, दोन दिवस जेवली नाही, तरी नाही. जागा गेली. सुवार्ता आता पुण्यात एका दवाखान्यात आया आहे. चार वर्षं झाली, घरी आलेली नाही. नाताळला फोन करते, "बरी आहेस ना?" एवढं विचारते आणि ठेवते.

पुढं एकेक करत सगळ्या मंडळीनं गुपचूप कार्डं काढली. सगुणाबाई तेवढी बिनकार्डाची राहिली. रेशन गेलं, गॅस गेला, हातातला फोनसुद्धा सुवार्ताच्या नावावरचा. लोक हसले की म्हणायची, मी आणि मावशी, आम्ही दोघी तर राहिलो ना प्रभूच्या, बास झालं.

"दोघी," ती पेंगता पेंगता पुटपुटते, आणि गोधडीचं दुसरं टोक कुणीतरी आपल्याकडं ओढतं.

समोर टबीथामावशी बसलीय. अंगावर परवा नेसवलं तेच पांढरं लुगडं. हातात सगुणाबाईचीच सुई. मावशी दोऱ्याचं टोक ओठात ओलं करते आणि एका दमात ओवते. चष्मा नाही, काही नाही.

"मावशी, तुम्हाला दिसतं?"

"दिसतं की. बारा वर्षं झाली, झकास दिसतं."

सगुणाबाई टाका घालायला वाकते तर हाताखाली गोधडी नाही, शाळेच्या हॉलची फरशी आहे. समोर बायकांची रांग लागलीय. बुधवारच्या सगळ्या बहिणी आहेत, पण पदर तोंडावर ओढून एकमेकींना न ओळखल्यासारख्या उभ्या आहेत. रांगेत पहिली टबीथामावशी. टेबलावरच्या मशीनच्या काचेवर ती अंगठा ठेवते. हिरवा दिवा लागतो.

"अगं बाई! मावशी, काय करताय हे?"

"मोतीबिंदू गं. दोन्ही डोळ्यांत. शिबिरातले म्हणाले, आधी कार्ड आणा, मग ऑपरेशन. शास्त्रातली एक ओळ दिसेना मला. नुसती अंधारात बसून काय करू?"

"मग मला नाही का सांगायचं? मी पण काढलं असतं. माझ्या लेकीनं काढलं असतं!"

मावशी अंगठा पदराला पुसते. "संदेष्ट्रीनं असं सांगायचं असतं होय?"

"आणि त्याच डोळ्यांनी बारा वर्षं माझ्याकडं बघत बसलीस?" सगुणाबाईच्या तोंडून एकेरी निघून जातं. जन्मात कधी मावशीला अशी बोलली नव्हती. "दर बुधवारी पहिल्या बाकावर बसायचे मी, तुझ्या समोर. तुझ्या एका शब्दाखातर पोटची पोर घालवली. केसानं गळा कापलास माझा, मावशी!"

रांगेतली एकही मान वळत नाही. ज्या त्या बाईला आपल्या नंबराची घाई.

"कार्ड शास्त्रात ठेवलं होतं ना तुझ्यासाठी," मावशी हळू आवाजात म्हणते. "तोंडानं बोलवेना, म्हणून."

"मेल्यावर होय? छान! जिवंतपणी तोंड शिवलं होतं का?"

फरशी ओली होते. फिनेलचा वास येतो. दोन्ही बाजूंना खाटा आहेत, आणि मधल्या वाटेनं निळ्या साडीतली एक बाई वाकून फरशी पुसत येतेय. सुवार्ता! कानामागं केस पांढरे झालेत. तिशीत पांढरे केस, देवा! सगुणाबाई हाक मारते, पण ती वर बघत नाही. एका खाटेवरून कुणीतरी ओरडतं, "ओ मावशी, भांडं द्या की!" आणि सुवार्ता फडकं टाकून भांडं आणायला जाते. इथं तिला मावशी म्हणतात. सिस्टर दुसऱ्या आहेत, पांढऱ्या कपड्यांतल्या, तिच्याहून लहान.

"सांग तिला," सगुणाबाई टबीथामावशीचा दंड धरते. दंड गार आहे. "तूच सांग, की प्रभू असं काही बोलला नव्हता."

"नव्हताच बोलला." भाजीत मीठ कमी पडलंय म्हणावं, तशी मावशी सांगते.

"मग कोण बोललं?"

मावशी खाटेच्या कडेला टेकते. "मिशनचे साहेब गेले, दवाखान्याला कुलूप लागलं, पोरं शिकली नि शहरात गेली. सभेला सात बाया उरल्या होत्या, सगुणा. सात! म्हातारीला कोण विचारत होतं? ते मशीन आलं आणि सगळेच बिचकले. बिचकलेली माणसं येतात बघ देवाच्या दारात. मी खुणेचं बोलले, त्या बुधवारी बाक पुरले नाहीत. आठवतं?"

आठवतं. दारात चपलांचा ढीग पडला होता, आणि सगुणाबाईला केवढा अभिमान वाटला होता मावशीचा.

"पण सुवार्ताचं मी आपणहून बोलले नव्हते हां," मावशी म्हणते. "तू आलीस दुसऱ्या दिवशी सकाळी, फॉर्म पदराखाली धरून. म्हणालीस, प्रार्थना करा मावशी, पोरगी लांब जातेय. रडत होतीस. मी तुझ्या तोंडाकडं बघितलं. तुला जे ऐकायचं होतं ते तिथं दिसलं, तेवढं बोलले."

"खोटं! तेव्हा तर तुला दिसत नव्हतं!"

"तेवढं आंधळ्यालाही दिसलं असतं गं."

सगुणाबाई भांडायला तोंड उघडते. आणि तिला ती सकाळ आठवते. नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं. संध्याकाळी घरात एकटीनं दिवा लावायचा, हा विचारच नको वाटायचा. आणि मावशी म्हणाली, "पाठवू नकोस, शब्द आलाय," तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला होता. भीती नव्हती वाटली. दुःखही नव्हतं वाटलं. घरी येऊन तिनं भाकऱ्या थापल्या होत्या, आणि गाणं म्हणत थापल्या होत्या.

फडक्यातलं पाणी निथळत मातीत मुरतं. परवाचाच ढिगारा आहे, वर वाळलेली झेंडूची फुलं, लाकडी क्रूस थोडा कललेला. मावशी आपल्याच मातीवर मांडी घालून बसते आणि कमरेची बाटली काढते. खोबरेल तेलात कापूर घातलेला, तोच वास. सभा सुटताना मावशी अंगठा तेलात बुडवायची आणि एकेकीच्या कपाळावर क्रूस काढायची. सगुणाबाईचं कपाळ सगळ्यात पुढं असायचं.

"माझ्या कपाळावर कुणी काढलाच नाही बघ," मावशी म्हणते. "शेवटच्या दिवशीसुद्धा नाही. सगळ्यांना वाटलं, हिला काय गरज. तू काढ, सगुणा. मोकळी कर मला."

सगुणाबाई बाटली घेते. अंगठा बुडवते. मावशी डोळे मिटून कपाळ पुढं करते, आणि आता पहिल्यांदाच ती म्हातारी दिसते, साधी, गल्लीतली कुणीही म्हातारी असते तशी. दया येते. राग गेलेला नाही, तरी येते. हात सवयीनं वर जातो, कपाळापासून बोटभर अंतरावर येतो आणि थांबतो.

"नाही," सगुणाबाई म्हणते. "एवढ्यात नाही."

"सगुणा..."

"मलाही कुणीतरी मोकळं करायचंय अजून. लेकीनं नाही म्हटलं, तर मी तुला कुठल्या तोंडानं हो म्हणू?"

"मी किती थांबू गं?"

"आता तुला काय कमी आहे? वेळच वेळ आहे. बस तिथंच."

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी होते आणि सगुणाबाईची मान झटक्यात वर येते. दार उघडंच आहे, उंबऱ्यावर ऊन आहे. सुई गोधडीत रुतून बसलीय. उजवा हात तेवढा हवेत आहे, अंगठा बाकीच्या बोटांपासून लांब धरलेला. अंगठा चकाकतोय. ती नाकाशी नेते. खोबरेल आणि कापूर. घरात खोबरेलाची बाटली महिनाभर रिकामी आहे, आणि कापूर तर या घरात कधी आलाच नाही.

ती पुसायला पदर उचलते, आणि पुसत नाही.

डाव्या हातानं फोन ओढते. तोंडापाठ असलेली प्रार्थना म्हणावी असं वाटतं, पण तीही म्हणत नाही. सुवार्ताचं नाव काढते आणि त्यावर अंगठा दाबते. काचेवर अंगठा उमटतो, रेघन् रेघ मोजता येईल असा, बरोब्बर लेकीच्या नावावर. बारा वर्षं जो कुणालाच दिला नाही, तो.

तिकडं रिंग वाजते.

"आई? आज कसा काय फोन? बरी आहेस ना?" मागून कुणीतरी भांडं मागतंय.

"सुवार्ता, प्रभू काही बोलला नव्हता," सगुणाबाई म्हणते. "मावशीनं मला फसवलं. पण तुला मीच फसवलं, पोरी. तू जाऊ नयेस, असं मलाच वाटत होतं."

भांडं मागणारा पुन्हा ओरडतो. सुवार्ता त्याला म्हणते, "थांबा जरा," आणि फोन ठेवत नाही.