तेओदोराच्या गव्हाणीतले दगड

निकासियाच्या संसारात दुःख एकच होतं, आणि ते कुंपणापलीकडे राहत होतं. थोरली जाऊ तेओदोरा. दोन्ही घरं एकाच सासऱ्यानं बांधलेली, लामांचा कळपही दोघा भावांत सारखाच वाटलेला. पण हिवाळ्यात माळावरचं गवत करपलं की निकासियाच्या लामांच्या फासळ्या दिसायला लागत, तेओदोराची जनावरं मात्र गुबगुबीत. लामांच्या कानांत रंगीत लोकरीचे गोंडे बांधायच्या सणाला सगळं गाव तिच्याच गोठ्यापाशी जमायचं.

"मी काय माझे गोंडे शेपटाला बांधते?" निकासिया नवऱ्याला विचारायची. सेवेरो मान खाली घालून सूप भुरकत राहायचा.

एका सकाळी ती विस्तव मागायला थोरलीकडे गेली. तेओदोरा जनावरांना पाण्यावर घेऊन गेली होती. गव्हाणीत कोंडा ओतून ठेवलेला, आणि कोंड्यात अर्धे बुडालेले गोल, गुळगुळीत दगड. निकासियानं एक उचलून पाहिला. इल्या! कळपाची बरकत ज्यांच्यात राहते, ते सासूबाईंचे दगड! सासूबाई ते गाठोड्यात बांधून ठेवायच्या. त्या गेल्या आणि गाठोडंही दिसेनासं झालं. थोरलीनं दडवलं होतं तर! आणि आता रोज खाण्यातून बरकत जनावरांच्या पोटात घालतेय.

विस्तव राहिला बाजूला. पाठीवरच्या कापडात दगड घेऊन ती घरी आली. मऊ लोकरीत गुंडाळले, कोकाची पानं ठेवली, दारू शिंपडली आणि हात जोडले, "आता माझ्याच दारात राहा."

दुसऱ्या दिवशी कुंपणापलीकडून हाक आली. "निके! अगं धाव, कापितान गेला!"

कापितान म्हणजे तेओदोराचा म्होरक्या नर, सगळा कळप त्याच्या मागून चालायचा. तो मान ताणून उभा होता, तोंडातून फेस आणि कोंडा गळत होता, घशातून घर्र घर्र आवाज येत होता. निकासिया पाण्याची बादली घेऊन पुढे झाली.

"पाणी नको! छातीत जाईल. डोकं खाली धर त्याचं."

निकासियानं डोकं धरलं. तेओदोरा मानेवरून हळूहळू हात चोळत राहिली. त्याचे डोळे पांढरे व्हायला लागले, तसं निकासियानं डोकं आणखी खाली धरलं. मग एक जोराचा ठसका आला आणि कोंड्याचा गोळा तिच्या परकरावर पडला.

दोघी लेंड्यांतच मटकन बसल्या.

"कुणा मेल्यानं माझे दगड नेले गं?"

"कसले दगड?"

"ओढ्यातले, आणखी कसले! हा मेला हावरट, कोंडा न चावताच गिळतो. मध्ये दगड असले की तोंडानं चाचपत थोडं थोडं खावं लागतं. मागच्या वर्षी तुझी पांढरी गुदमरून मेली, तेव्हा सांगायला आले होते ना? 'आली शहाणी शिकवायला,' म्हणालीस."

निकासियानं परकरावरचा गोळा झटकला. "आणि सासूबाईंचं गाठोडं?"

"ते त्यांच्याबरोबरच पुरलं. त्यांनीच सांगितलं होतं. म्हणाल्या, मागे राहिलं तर तुम्ही दोघी भांडाल."

सांगितलं, पण थोरलीला! निकासियाला ते आधी लागलं, लाज नंतर वाटली.

तरी ती घरी गेली आणि लोकरीची गुंडाळी आणून जावेच्या मांडीवर ठेवली. तेओदोरानं उलगडली. दगडाचा वास घेतला, पुन्हा घेतला.

"दारू पाजलीस? दगडांना?"

"जाऊबाई, मला वाटलं..."

"काय वाटलं ते कळलं गं!" तेओदोरा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग हसू आवरून म्हणाली, "कापितान गेला असता तर मात्र हसले नसते हं." निकासियाला सण डोळ्यांपुढे दिसला. आता सगळं गाव थोरलीच्याच गोठ्यापाशी जमणार, आणि हसायला ही गोष्ट असणार.

दुपारी निकासिया ओढ्यावर गेली. आपल्या गव्हाणीसाठी, लामाच्या तोंडात मावणार नाहीत असे दगड निवडायचे होते. एकेक उचलून ती जावेचे दगड आठवायची, आणि त्यांच्यापेक्षा मोठा असेल तोच ओच्यात टाकायची.