पाठीवरचा गुलाल

काल मंगळवार पेठेतल्या मिरवणुकीत कुणीतरी माझ्या कपाळाला गुलाल फासला. घामात भिजलेल्या गुलालाचा वास नाकात शिरला आणि मी थेट नेसरीतल्या आमच्या खुराड्यापुढं जाऊन उभी राहिले.

तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. अंड्यालाही चालतील आणि रश्श्यालाही, अशा संकरित कोंबड्या आम्ही पाळल्या होत्या. यात्रेदिवशी अंडी देणाऱ्या पाचजणी चुकून सुरीखाली जाऊ नयेत, म्हणून मी सकाळीच त्यांच्या पाठीवर ओला गुलाल लावला. देवाच्या गुलालाला कोण हात लावतंय!

थोड्या वेळानं खुराड्यात कालवा उठला. लाल दिसलं की कोंबड्या टोचतात, हे मला कुठं ठाऊक होतं? दार उघडलं तर बाकीच्या सगळ्या त्या पाचजणींवर तुटून पडलेल्या. एकीची आतडी दोघी ओढत होत्या आणि ती अजून चालत होती.

"कुणी लावला गं ह्यो गुलाल?" सासूबाई ओरडल्या.

मी त्यांच्या हातातली सुरी हिसकावली. जिची चोच लाल दिसेल तिला धरायचं आणि कापायचं. तोवर मी एकही मान कापली नव्हती.

"पुरं की आता! पावणं चारच हाईत!" सासूबाईंनी माझं मनगट आवळलं.

कितीतरी वर्षं वाटायचं, मी त्या पाचजणींचा सूड घेतला. पण त्या दिवशी सगळ्यात लाल माझेच हात होते. ते मी धुतले आणि रश्श्याचं वाटण वाटायला बसले.