फडकीवाले

आमच्या गावाने त्या शिडाच्या फळ्यांना कधी धड नावसुद्धा दिलं नाही. धरणाच्या पाण्यावर वाऱ्याने पळणारी रंगीत शिडं म्हणजे फडकी आणि फळीवर उभं राहून ती चालवणारे फडकीवाले. हा खेळ शिकवायला आलेल्या पुण्याच्या मॅडमनी पहिल्या तीन फळ्या जीपच्या टपावरून आणल्या तेव्हा बांधावरून एक जण ओरडला होता, "ओ बाई, धुणं वाळत घालायचं तर घरी घाला की, धरणात कशाला?" सगळे हसले. मीही हसलो. नववीत शाळा सोडली की हसणाऱ्यांच्या घोळक्यात बरं वाटतं, कारण तोवर आपल्याला कोणी हसत नसतं.

आज मी ओमानच्या किनाऱ्यावर तीच फडकी शिवतो, फळ्यांच्या चिरा भरतो. मॅडमच्या एका शब्दावर हे काम मिळालं. त्यांचे उपकार मी विसरत नाही. तरी त्यांचा फोन आला की मी तो लगेच उचलत नाही. त्यांचा खेळ आमच्या गावातून उठला तो माझ्यामुळे, आणि गाव अजून त्यांनाच शिव्या देतं.

शिनोलीवरून वर धरणाकडे गेलं की आमचं गाव. निम्मी जमीन पाण्याखाली. उन्हाळ्यात पाणी उतरतं तशी ती बाहेर येते आणि लोक ओल्या गाळावर पेरतात. त्याला गाळपेर म्हणतात. खेळाला लागतो तो वाराही उन्हाळ्यातच, दुपारचा सुटतो. म्हणजे फडकीवाल्यांचा हंगाम आणि आमच्या काकडीचा हंगाम एकच. मॅडमची शेड आमच्या वरच्या पडीक तुकड्यावर होती, माझ्या वडिलांच्या, आण्णांच्या, तोंडी शब्दावर. कागद नव्हता. पाणी शेडपासून रोज चार पावलं लांब जायचं, आणि ती चार पावलं कुणाच्या तरी वाफ्यातून पडायची.

दोन वर्षं तरीही झकास गेली. शनिवार-रविवारी गाड्या लागायच्या. गावातली दहा-बारा पोरं शिकली. एकाने पॉलिहाऊसच्या जुन्या कागदाचं शीड करून बांबूला बांधलं आणि दहा हात जाऊन उताणा पडला, तेव्हा सगळ्या काठाने शिट्ट्या मारल्या. महाळुंग्याहून पावणे बघायला यायचे. वडे तळणाऱ्या मावशींनी दुसरी कढई चढवली. धुण्यावरून हसणारेच आता सांगायचे, "आमचीच पोरं हायेत राव ती."

मला शाळेत कोणी एक गोष्ट दोनदा समजावली नव्हती. मॅडम दहादा समजावायच्या. पाण्यावरची काळी सळसळ दाखवून म्हणायच्या, "तो बघ वारा येतोय, पाय आधी वळव." पाय वळला नाही तर परत, तेवढ्याच शांतपणे.

आण्णा मात्र काकडीच्या वाफ्यातून मान वर करत नसत. "आमी बुडालो त्याच्यावर ह्यांचा ख्योळ," एवढंच म्हणायचे.

मॅडमचा कडक नियम एकच होता. शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी ड्रमच्या तराफ्यांवर तरंगत असत, तिथून काठापर्यंत काळे पाईप. त्या पाईपांच्या आत फळी आणायची नाही. एका दुपारी मी एकटाच पाण्यात होतो. परतताना लांबून वळसा घ्यायचा, मग गुडघाभर चिखलातून फळी ओढायची, याचा कंटाळा आला आणि मी आतून घुसलो. फळीखालचं पातं पाईपात अडकलं. वारा जोरात होता. पाईपाचा जोड निसटला, केबल तुटली, तराफा कलंडला आणि मोटार बुडाली. लाईट गेलेली होती म्हणून मी जिवंत राहिलो. मोटार आमचीच होती.

मी फळी शेडमध्ये ठेवली आणि घरी जाऊन झोपेचं सोंग घेतलं. संध्याकाळी शेडमध्ये गेलो तर मॅडम त्या पात्यात अडकलेला काळ्या पाईपाचा कपचा नखाने काढत होत्या. माझ्याकडे बघितलं. कपचा खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी काठावर गाव जमलं. आण्णा सगळ्यांच्या पुढे. "आमची वावरं घेतली, आता मोटारीबी घ्या! पाण्यात नाचायला येता व्हय?" मागून कोणी म्हणालं, "बाईला फडक्यात गुंडाळून पुण्याला धाडा." हसू उठलं. मावशीही हसल्या, दोन कढयांवाल्या.

मॅडम म्हणाल्या, "चूक आमच्याकडून झालीय. मोटार मी बसवून देते."

आमच्याकडून. आपल्याकडून म्हणाल्या असत्या तर गाव चवताळलं असतं. पण त्या 'आमच्या'त मी होतो की मी गावाच्या बाजूला उभा होतो? मी उभा होतो आण्णांच्या मागे, तीन हातांवर. एक वाक्य बोललो असतो तर शेड राहिली असती. नवी मोटार बसल्यावरही आण्णांनी शेडच्या जागेचा शब्द मागे घेतला तो घेतलाच. मॅडमनी फळ्या जीपवर चढवल्या आणि मी दोरी बांधू लागलो.

त्यांनी पलीकडे जुन्नरच्या एका धरणावर प्रयत्न केला. पण तिथे पोरं गोळा होईनात. आमची पोरं कारखान्यांत, रिक्षांवर लागली. शेडमध्ये राहून गेलेल्या शिडांच्या दोन काठ्यांवर आता टोमॅटोची तार ताणलीय, एक शीड कडब्यावर आहे. मॅडमनी मला मात्र इकडे ओमानला चिकटवलं. उपकाराने माणूस बांधला जातो म्हणतात. मला तर त्यांचा राग येतो. त्याच दिवशी माझं नाव घेतलं असतं तर दोन कानफटात खाऊन मी मोकळा झालो असतो.

गेल्या महिन्यात घरी फोन केला. राजुरीचे पावणे बसले होते, फोन स्पीकरवर. आण्णांनी गोष्ट रंगात आणली होती. "फडकीवाल्यांना आपण हाकललं. इचारा ह्याला. सांग रं, तू व्हतास की काठावर!"

हे 'आपण' मी सहा वर्षं गिळत आलो होतो. त्या दिवशी गिळवेना.

"आण्णा, तो पाईप मी तोडला. मोटार मी बुडवली."

कोणीतरी खोकलं. मग स्पीकर बंद झाल्याचा आवाज.

"पाव्हण्यांम्होरं?" आण्णा हळू बोलले. मग, "बाईला ठाव हाय?"

"पहिल्या दिवसापासून."

"आन् ती समद्या गावाम्होरं गप ऱ्हायली?"

"हो."

"मग तू कशाला बोललास?" म्हणाले, आणि फोन कापला.

तेव्हापासून फोन आई घेते. मागे टीव्ही चालू असतो, आण्णांचं खाकरणं ऐकू येतं. देऊ का म्हणून ती त्यांना विचारते, मग मला म्हणते, "जेवत्यात रं."